हळदीची कॅप्सूल आणि रक्त पातळ करणारी गोळी

श्रोतेहो, नमस्कार.

सांगलीकराला हळदीचे गुण सांगायची गरज नाही. 2018 साली आपल्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. आमटी-भाजीतली हळद हृदयरुग्णानं खुशाल खावी. काळजी आहे ती हळदीच्या कॅप्सूलची.

हिशोब बघा. चमचाभर, म्हणजे 3 ग्रॅम हळदीत साधारण 90 मिलिग्रॅम कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला मुख्य पिवळा घटक, असतं. 95 टक्के अर्काच्या 500 मिलिग्रॅमच्या एकाच कॅप्सूलमध्ये ते 475 भरतं, म्हणजे पाच चमच्यांहून जास्त! वर बऱ्याच कॅप्सूलांत मिरीचा अर्क असतो, त्यानं ते रक्तात आणखी उतरतं. हृदयाची झडप बदलल्यावर रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी चालू असेल, किंवा स्टेंट, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीतली जाळी, बसवल्यावर गुठळी रोखणाऱ्या क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिनच्या गोळ्या, तर यानं रक्तस्राव होऊ शकतो. हिरड्यांतून रक्त आलं, न लागताही अंगावर काळेनिळे डाग उठले, शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. लसणाच्या कॅप्सूलचंही तसंच. फोडणीतल्या लसणाला मात्र नावं ठेवू नका.

ज्येष्ठमध सगळ्यांना निरुपद्रवी वाटतं. खोकल्यासाठी दोन दिवस चघळणं वेगळं आणि महिनाभर रोज काढा पिणं वेगळं. ते अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं, बीपी चढतं, पायाला सूज येते आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं. लघवीची गोळी आधीच पोटॅशियम घालवत असते. त्यात हृदयाचे ठोके आवरणारी डिगॉक्सिनची गोळी चालू असेल तर मळमळ होते, पिवळसर दिसतं, नाडी चुकते. ही दुखणी अंगावर काढू नका.

अर्जुनाच्या सालीचा काढा घेऊन कुणी स्टेंटनंतरच्या गोळ्या बंद करत असेल, तर त्याला आजच थांबवा. स्टेंटमध्ये गुठळी धरली की जिवावर बेततं. इसबगोल चालेल, पण डिगॉक्सिन आणि त्याच्यात दोन तासांचं अंतर हवं. तासगावच्या द्राक्षांबद्दलही विचारणा होते. औषधांशी भांडतं ते ग्रेपफ्रूट, म्हणजे पपनसाचं भावंड. द्राक्षाचा त्याच्याशी संबंध नाही.

तपासणीला जाताना घरातली चूर्णं, काढ्याच्या बाटल्या, कॅप्सूलचे डबे एका पिशवीत घालून न्या आणि टेबलावर मांडा. वॉरफेरिनवाल्यांनी नवं काही सुरू करण्याआधी विचारावं आणि सुरू केल्यावर आठवड्याच्या आत आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, तपासावा. महिनोन्‌महिने घेतलेली कॅप्सूल बंद केली तरीही तपासावा, कारण तेव्हा आकडा खाली येऊन झडपेवर गुठळी धरण्याची भीती असते.