कण्याखालची लाल रेघ

नमस्कार श्रोतेहो! कोल्हापूरच्या बाजारात रोहू कापून घेताना कधी नीट पाहिलंय? पोट साफ झालं की मावशी कण्याला चिकटलेली काळपट लाल रेघ बोटानं खरवडून टाकतात. गिऱ्हाईक म्हणतं, रक्त गोठलंय. नाही हो, ते माशाचं मूत्रपिंड. आपलं रक्त हाडांच्या मगजात तयार होतं, माशाचं मुख्यतः या रेघेच्या डोक्याकडच्या टोकात. रोगाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशीही इथंच घडतात. माशाची तालीमच म्हणा!

विषाणूला वाढायला जिवंत पेशी लागते. तो आत शिरल्याची चाहूल लागली की पुष्कळदा पेशी स्वतःलाच संपवते. कास्पेज नावाची विकरं आतली प्रथिनं तोडतात, पेशी आक्रसते, तिचे तुकडे पडतात आणि भक्षक पेशी ते गिळून टाकतात. गाजावाजा नाही. 1972 साली या मरणाला अपोप्टोसिस नाव मिळालं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ. दुसरी तऱ्हा मात्र दांडगी. गॅसडर्मिन हे प्रथिन पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं, पेशी फुगून फुटते आणि आतला ऐवज बाहेर सांडून सूज येते. इशारा मिळतो खरा, पण शेजारच्या धडधाकट पेशीही होरपळतात.

विषाणूही काही भोळा नाही. काही विषाणू पेशीचं मरण आधी लांबवतात आणि पिलावळ तयार झाली की पेशीला मरू देतात.

एखाद-दुसरी पेशी गेली तर मासा तगतो. तालीमच कोसळली तर? गोल्डफिशचा एक हर्पीस विषाणू नेमका मूत्रपिंड आणि प्लीहेतल्या रक्त घडवणाऱ्या पेशींवर तुटून पडतो. तो 1990च्या दशकात जपानमध्ये ओळखला गेला; आता भारतातही आढळला आहे. पाणी साधारण 15 ते 25 अंश असताना त्याचा जोर असतो, म्हणजे आपल्याकडची थंडीच. टाकीतले मासे पटापट मेले की आपण म्हणतो, पाणी बाधलं.

मग कुणीतरी अँटिबायोटिकची पूड टाकतं. ती जिवाणूंवर चालते, विषाणूवर नाही. त्यापेक्षा नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. हा विषाणू माणसाला होत नाही, तेव्हा घाबरून उरलेले मासे रंकाळ्यात मात्र सोडू नका; तिथंही मासे आहेत.

आणि मेलेल्या माशाच्या कल्ल्याचं झाकण उचलून बघा. लालभडक असायला हवं तिथं फिकट पांढुरकं दिसलं, तर त्या रेघेत रक्त घडणंच थांबलं असेल.