वर जायचं तर आधी उतरायचं

जानेवारीतली पहाट. अमेरिकेतल्या एका विमानतळावर पन्नाशीचा एक माणूस चाकांची बॅग ओढत लगबगीने चाललाय. बॅगेत काळी पँट, चकचकीत काळे बूट आणि शिट्टी. काल रात्री एका राज्यात कॉलेजचा सामना, आज दुसऱ्याच राज्यात, तोही वेगळ्या कॉन्फरन्ससाठी, म्हणजे कॉलेज संघांच्या वेगळ्या गटासाठी.

हा कुणाचा नोकर नाही. कॉलेज बास्केटबॉलच्या पंचाला सामन्यागणिक मानधन. सामना कुणाला द्यायचा, ते कॉन्फरन्सचा समन्वयक ठरवतो. पाय मुरगळला की कमाई बंद. विमा, म्हातारपणाची तरतूद ज्याची त्याने बघायची. म्हणून बरेच जण पोटापाण्याचा दुसरा धंदा सोडत नाहीत. जॉन हिगिन्स हे नावाजलेले पंच. ओमाहात त्यांची छपरांची कामं करणारी कंपनी. मार्च 2017 मध्ये ते पंच असलेल्या सामन्यात नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने केंटकी विद्यापीठाला 75-73 असं हरवलं, आणि केंटकीच्या चिडलेल्या चाहत्यांनी राग काढला तो कंपनीवर. ज्यांच्या छपराला तिचा हातही लागला नव्हता, त्यांनी इंटरनेटवर तिच्या कामाला शिव्या घातल्या!

एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये जेमतेम सत्तर-पंचाहत्तर पंच. सगळे पगारी, सेवा वाढेल तसा पगार वाढतो, आणि पाठीशी संघटना. 2009 मध्ये करार फिसकटला, तेव्हा लीगने सराव सामन्यांना बदली पंच उभे केले. हंगामाच्या तोंडावर मात्र समझोता करावा लागला. कॉलेजच्या एकट्यादुकट्या पंचाला ही ताकद कुठली? अर्थात पगाराबरोबर पहाराही येतो. चुरशीच्या सामन्यातल्या शेवटच्या 2 मिनिटांचे निर्णय लीग दुसऱ्या दिवशी तपासून जाहीर करते. कुठे चुकलात, ते साऱ्या जगाला कळतं.

मग कॉलेजातले नामांकित पंच तिकडे का जात नाहीत?

कारण तिकडची वाट ‘जी लीग’ या एनबीएच्या धाकट्या लीगमधून जाते. तिथे पैसा तुटपुंजा, गावं लहान, आणि काही वर्षं घासूनही वरून बोलावणं येईलच असं नाही. पंचविशीतल्या पोराला ते झेपतं. पण मोठ्या कॉन्फरन्समध्ये एका रात्रीचे काही हजार डॉलर घेणाऱ्याने, घराचे हप्ते आणि मुलांच्या फिया डोक्यावर असताना, पंचेचाळिशीत पुन्हा शिकाऊ व्हायचं?

विमानाला उशीर आहे. आपला माणूस गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसलाय. फोन वाजतो. समन्वयकाचा मेसेज: शनिवारी मोकळा आहेस का?

बर्फ सावरत तो एका हाताने टाइप करतो, ‘हो.’