पुलाला धोका असतो तो पायाशी

नमस्कार. मी उभा आहे तो वेदगंगेवरील जत्राट-भिवशी बंधारा. निपाणी-चिकोडी भागातील बंधारे पाण्याखाली गेल्याची बातमी दर पावसाळ्यात येते आणि कल्लोळ-यडूर, मलिकवाड-दत्तवाड यांच्याबरोबर तीत याचेही नाव असते. बंधारा बुडाला म्हणजे बांधकाम फसले, असे अनेकांना वाटते. वास्तविक पूर डोक्यावरून निघून जावा, याच हिशेबाने तो बुटका ठेवलेला असतो.

खांबांमधील या उभ्या खाचा पाहा. पावसाळा सरल्यावर यांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी ते काढून घेतात. एखादा बरगा राहून गेला, की त्याला बाभळीची फांदी अडते, फांदीला उसाचा पाला आणि जलपर्णी अडते, बघता बघता दोन खांबांमधील गाळा बुजतो आणि वरच्या अंगाच्या शेतांत फूग, म्हणजे मागे तुंबलेले पाणी, चढते.

रस्त्याच्या भरावानेही हेच घडते. 2019 आणि 2021 च्या पुरांत यमगर्णीजवळ पुणे-बेंगळूरु महामार्ग बंद पडला होता, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. माझे स्पष्ट मत असे, की पुलाची लांबी नदीच्या उन्हाळ्यातील पात्रावरून ठरवूच नये. पूर जिथवर पसरतो तिथवर भरावाऐवजी खांब हवेत, मग खर्च वाढला तरी चालेल.

कारण वाट अरुंद झाली, की पाण्याचा वेग वाढतो. वेग दुप्पट झाला, तर प्रवाह सुमारे 64 पट वजनाचा दगड ढकलू शकतो. खांबाला आपटलेले पाणी खाली वळून तळाची वाळू उकरते. म्हणूनच पाया किती खोल न्यायचा हे ठरवताना, खांबापाशी तळ नदीच्या सरासरी धुपीच्या दुप्पट खोलीपर्यंत उकरला जाईल, असे धरतात. महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात वाहून गेला, तेव्हा त्यावरून जाणारी वाहनेही नदीत पडली.

आंबोली घाट उतरून किनाऱ्याकडे गेलो, की हिशेब आणखी अवघड होतो, कारण तिथे पाणी दोन्ही बाजूंनी येते. कोकणात खाऱ्या पाण्यापासून शेते राखणाऱ्या खारभूमीच्या बांधांना यासाठी उघाडी, म्हणजे आतले पाणी बाहेर सोडणारे झडपेचे दार, ठेवतात. तिची झडप समुद्राच्या अंगाला, वरून टांगलेली असते. भरतीचे पाणी तिला दाबून बंद करते आणि ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. आपल्या बरग्यांना माणूस लागतो. इथे पाणीच दार लावते. मात्र उधाणाच्या वेळीच मुसळधार पाऊस झाला, तर दार बंद राहते आणि पावसाचे पाणी आतच तुंबते. त्यामुळे बांधाच्या आत पाणी काही तास थांबू शकेल अशी सखल जागा मोकळी ठेवावी लागते. तिच्यावर भर टाकून घरे उभी राहिली, तर उत्तम उघाडीचाही उपयोग नाही.

शेवटी तपासणीविषयी. पूर ओसरताना पाण्याचा वेग मंदावतो आणि खांबाशेजारी पडलेला खड्डा वाहून आलेल्या सैल वाळूने पुन्हा भरतो. त्यामुळे आठवडाभराने पाहणी करणाऱ्याला तळ जसाच्या तसा दिसतो. खड्ड्याची खरी खोली मोजायची, तर ती पूर चालू असतानाच, खांबाला बसवलेल्या यंत्राने मोजावी लागते.