कोटाची पाठ

हे दृश्य नीट पाहा. गडद कोट घातलेला एक माणूस, त्याची पाठ आपल्याकडे. कॅमेरा पुढे सरकतो, आणखी पुढे, आणि क्षणभर सगळा पडदा काळा होतो. मग तो मागे येतो, प्रसंग पुढे चालू. त्या काळोखात कट, म्हणजे दोन शॉट्समधला सांधा, लपवलाय.

आल्फ्रेड हिचकॉकचा १९४८ सालचा 'रोप'. दोन मित्र तिसऱ्याचा गळा आवळतात, प्रेत पेटाऱ्यात दडवतात आणि त्याच पेटाऱ्यावर पाहुण्यांसाठी जेवण मांडतात. त्या दोघांचं एकमेकांशी नातं काय? चित्रपट अवाक्षर काढत नाही. काढायची सोयच नव्हती. १९३४ पासून हॉलिवूडमध्ये हेज कोड, म्हणजे चित्रपटांत काय दाखवायचं नाही याची नियमावली, कडकपणे राबवला जात होता आणि समलैंगिकतेचा नुसता इशाराही त्याला चालत नसे.

१९८१मध्ये चित्रपट-अभ्यासक व्हिटो रूसो यांनी जुन्या चित्रपटांतली समलैंगिक माणसं हुडकून काढली. पडद्यावर ती कशी दिसतात? बहुतेकदा खलनायक, विदूषक, नाहीतर शेवटी मरणारी. काम मोलाचं होतं, पण प्रश्न 'कोण दिसतं?' एवढाच होता.

१९९०मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ विद्यापीठातल्या एका परिषदेसाठी अभ्यासक तेरेसा दे लॉरेतिस यांनी 'क्वीअर थिअरी', म्हणजे क्वीअर सिद्धांत, असा शब्दप्रयोग केला. 'क्वीअर' ही तोवर समलैंगिकांना दिली जाणारी रस्त्यावरची शिवी. तीच त्यांनी सिद्धांताच्या नावात बसवली. त्याच वर्षी समीक्षक डी. ए. मिलर यांचा 'रोप'वरचा लेख आला, आणि प्रश्नच बदलला.

मिलर म्हणतात, समीक्षक वर्षानुवर्षं या चित्रपटाच्या लांबलचक शॉट्सबद्दल बोलत राहिले. रीळ किती मिनिटांचं, कट कुठे लपवला, वगैरे. (सगळे कट लपवलेले नाहीतच, काही उघड दिसतात, तरी 'एका शॉटमधला चित्रपट' ही ख्याती काही सुटत नाही.) तंत्राचं हे कौतुक म्हणजे त्या दोघांकडे न बघण्याची सोय होती. आणखी एक गोष्ट. जे फक्त सुचवलं जातं, ते सिद्ध करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. मग संशय प्रत्येक हातवाऱ्यावर, प्रत्येक नजरेवर पसरतो. कोडला जे पुसायचं होतं, ते त्यानेच सगळीकडे सांडून ठेवलं.

नजरेचं गणितही विस्कटलं. चित्रपट-सिद्धांतकार लॉरा मल्व्ही यांनी १९७५मध्ये मांडलं होतं, की कॅमेरा पुरुषाच्या नजरेने स्त्रीकडे बघतो. मग १९३०च्या 'मोरोक्को'मध्ये पुरुषी पोशाखात गाणारी नटी मार्लेन डीट्रिख समोर बसलेल्या श्रोत्यांतल्या एका बाईचं चुंबन घेते, तेव्हा कॅमेरा कुणाच्या नजरेने बघत असतो?

चित्रपट असे वाचणाऱ्यांवर, नसलेलं शोधता, असा आक्षेप येतो. कधीकधी तो खराही असतो.

'रोप'च्या शेवटाकडे या. त्या दोघांचा जुना शिक्षक पेटारा उघडतो. झाकण वर येतं आणि पडदा व्यापतं. आत काय आहे, ते त्याला दिसतं. आपल्यासमोर झाकणाची बाहेरची बाजू, आणि तिच्याआड पुन्हा एक कट.