अळंबीची ओळख मुळापासून

मंडळी, पावसाळा लागला की अळंबीचे फोटो फिरू लागतात. हिरवळीवरची पांढरी छत्री, वरून काढलेली, आणि सोबत प्रश्न, ‘ही खाता येते का?’ अशा फोटोवरून जो लगेच ‘हो’ म्हणतो त्याचं ऐकू नका. छत्री वरून पांढरी दिसली एवढ्यावर काही ठरत नाही. ओळख पटवणाऱ्या निम्म्या खुणा मातीखाली असतात, आणि उपटताना नेमक्या त्याच तुटतात.

म्हणून पहिली गोष्ट खोदण्याची. छत्री हाताने ओढू नका. दांड्याभोवती चार बोटं अंतर सोडून खुरप्याने माती सैल करा, आणि दांडा जिथे संपतो तिथपर्यंत मोकळा करत जा. मग त्याचा शेवट कसा आहे ते पाहा.

कोकणात जिला अळंबी म्हणतात, गोव्यात अळमी आणि पूर्व विदर्भात सात्या, ती बहुतेक वेळा वाळवीच्या वारुळाची बुरशी असते. शास्त्रीय नाव टर्मिटोमायसीस. वाळवी पालापाचोळा आणि लाकूड खाऊन वारुळात स्पंजासारखे पोळे रचते, त्यावर ही बुरशी पोसते आणि तिच्यावर स्वतः जगते. पावसात त्या पोळ्यातून छत्री वर येते. पोळं खोल असतं, त्यामुळे दांडा खाली निमुळता होत मुळासारखा उतरत जातो, कधी हातभर. तो मध्येच तुटला तर तुमच्या हातात फक्त एक पांढरी छत्री उरते.

वर येताना माती फोडायची असते, म्हणून टोपीच्या मधोमध टणक, टोकदार उंचवटा असतो. टोपी उलगडली तरी तो राहतो, आणि बोटाला बाकीच्या टोपीपेक्षा कडक लागतो. टोपी पसरताना कडेला उभ्या चिरा पडतात. कल्ले, म्हणजे टोपीखालच्या पातळ पात्या, दाट असतात आणि दांड्याला टेकत नाहीत. हे नीट दिसण्यासाठी छत्री टोपीपासून तळापर्यंत उभी चिरा. वरून डोकावून कल्ले टेकलेत की सुटे आहेत हे कळत नाही, तिथे बऱ्याच जणांची फसगत होते.

मूळ दिसलं म्हणजे काम झालं, असंही नाही. जमिनीत गाडलेल्या कुजक्या लाकडावर वाढणाऱ्या काही छत्र्यांनाही लांब मूळ असतं. त्यांची टोपी ओली असताना बुळबुळीत, कल्ले जाड, विरळ आणि दांड्याला चिकटलेले. वारूळ जवळ असणं हाही पुरावा नाही; वारुळाच्या मातीवर इतर बुरश्याही उगवतात.

आता घातक मंडळींकडे वळू. अमानिटा या गटात दांड्याच्या तळाशी पिशवीसारखा पेला असतो, वर बहुधा कंकण, म्हणजे दांड्याभोवतीचं पातळ कडं, आणि कल्ले पांढरे. पेला पूर्ण मातीत असतो, म्हणून सुरीने जमिनीलगत कापलेल्या छत्रीत तो सापडतच नाही. भाताच्या पेंढ्यावर येणाऱ्या खाण्याच्या अळंबीलाही पेला असतो, पण तिला कंकण नसतं आणि पिकल्यावर कल्ले गुलाबी होतात. कोवळेपणी दोन्ही अंड्यासारख्या दिसतात. अंडं उभं चिरल्यावर आत टोपी-दांड्याची आकृती दिसली, तर ते भुईफुग्यासारखं, म्हणजे छत्री नसलेल्या गोळ्यासारख्या बुरशीसारखं, सरसकट पांढऱ्या गराचं नाही एवढंच कळतं. अमानिटा की पेंढ्याची, हे त्या वयात सांगता येत नाही. मिटलेली कळी ओळखीसाठी घेऊच नये.

शहरातल्या हिरवळीवर, बागेत, मैदानात दिसणारी मोठी पांढरी छत्री बहुधा क्लोरोफायलम असते. टोपीवर तपकिरी खवले, मध्यावर गर्दी. दांड्यावर वरखाली सरकणारं कंकण. तळ फुगीर, पण तिथेच संपलेला, पेलाही नाही आणि मूळही नाही. कोवळेपणी तिचे कल्ले पांढरेच असतात, हिरवट झाक पुढे येते. खाणाऱ्याला साधारण १ ते ३ तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब होतात.

हिला पकडतो तो बीजाणूंचा, म्हणजे कल्ल्यांतून झडणाऱ्या भुकटीसारख्या बारीक बीजांचा ठसा. टोपी दांड्यापासून कापून कल्ले खाली करून ठेवा, वर वाटी पालथी घाला, ४ ते १२ तास हलवू नका. खाली कागद असेल तर अर्धा पांढरा, अर्धा काळा घ्या. पांढऱ्या कागदावर पांढरा ठसा दिसत नाही. पावसाळी हवेत कागद ओला होऊन ठसा पसरतो, म्हणून काचेचा तुकडा बरा. वाटी न घालता पंख्याखाली ठेवलं तर बीजाणू उडून जातात, आणि मिटलेली टोपी ठसा देतच नाही. रंग दिवसाउजेडी बघा. क्लोरोफायलमचा हिरवट, अमानिटाचा पांढरा, वारुळाच्या अळंबीचा फिका गुलाबीसर. हिरवा किंवा शुभ्र पांढरा आला तर छत्री फेकायची. गुलाबी आला म्हणून खायची, असं मात्र नाही, कारण हाच रंग देणाऱ्या इतर जाती आहेत. बाकी सगळ्या खुणा जुळायला हव्यात.

आणखी एक बंधन पाळा: बोटभर उंचीच्या, खवलेवाल्या, पांढरट-तपकिरी छत्र्या कधीच नाहीत. लेपिओटा गटातल्या काही लहान जातींत अमानिटाइतकंच मारक विष असतं.

चांदीचं नाणं काळं पडतं, लसूण निळी होते, किडा खातो ती चालते, या साऱ्या परीक्षा खोट्या आहेत. अमानिटातलं यकृत नासवणारं विष उकळून, वाळवून, तळून जात नाही, आणि गोगलगायीला जे पचतं ते माणसाला पचेलच असं नाही. बाजारातल्या जुडीत मुळं छाटलेली असतात. तिथे तुम्ही विकणाऱ्याच्या ओळखीवर विसंबता, स्वतःच्या नाही. म्हणून विकणाऱ्याला ठिकाण विचारा, कशावर उगवली ते विचारा, आणि एखादी पूर्ण, मुळासकट छत्री मागून पाहा.

विषबाधा झालीच तर वेळ मोजा. उलट्या तीन तासांच्या आत सुरू झाल्या तर बहुधा पोटाचं विष. ६ तासांनंतर, कधी १२ तासांनीही सुरू झाल्या तर यकृताचा धोका धरूनच चालायचं. यात दुसऱ्या दिवशी बरं वाटतं, घरचे निर्धास्त होतात, आणि त्याच वेळी यकृत निकामी होत असतं. अनेक जाती एकत्र शिजवल्या असतील तर लवकर आलेल्या उलट्यांवरून सुटलो असं मानू नका. उलटी-जुलाब थांबले तरी रुग्णालयातच राहा.

आणि शिजवण्याआधी प्रत्येक प्रकारची एक कच्ची छत्री, मुळासकट, कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये तीन दिवस ठेवा. प्लास्टिकमध्ये ती एका रात्रीत चिघळते. कागदावर तारीख, ठिकाण आणि ती कशावर उगवली होती हे लिहा. प्रसंग आलाच, तर डॉक्टरांच्या हातात पहिली तीच द्यायची आहे.