द्राक्षबागेतील घाम आणि शरीरातील पाणी

मार्च महिन्यात नाशिक जिल्ह्यातील निफाड आणि दिंडोरी तालुक्यांत द्राक्षांचा खुडा ऐन भरात असतो. मांडवाखाली हात वर करून, घड देठापाशी कात्रीने कापून क्रेटमध्ये अलगद ठेवणाऱ्या मजूर स्त्रीच्या पाठीवर घाम सुकला, की पांढरे डाग उमटतात. हे डाग मिठाचे असले, तरी घामात रक्ताच्या मानाने मीठ कमीच असते; त्यामुळे घाम जसजसा जातो, तसतसे रक्त अधिक खारट होत जाते.

हा खारटपणा एक-दोन टक्क्यांनी वाढला, तरी मेंदूतील हायपोथॅलॅमसच्या पेशींना तो कळतो. तेथेच तयार होणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक पीयूषिका ग्रंथीच्या मागील भागातून रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांपर्यंत पोहोचते. मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतांश या संप्रेरकाविनाच परत शोषला जातो आणि व्हॅसोप्रेसिनचा अंमल चालतो तो उरलेल्या हिश्शावर. मूत्रपिंडांतील संग्राहक नलिकांच्या, म्हणजे लघवी गोळा करणाऱ्या सूक्ष्म नळ्यांच्या, पेशींत ॲक्वापोरिन नावाची प्रथिने साठवलेली असतात. संप्रेरकाचा संदेश मिळताच ती पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि त्यांच्यातून पाणी रक्ताकडे वळते. लघवी थोडी आणि गडद होते, ती यामुळे. ॲक्वापोरिनच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

रानात स्वच्छतागृह नसले, की बायका मुद्दाम कमी पाणी पितात. व्हॅसोप्रेसिनने कितीही काटकसर केली, तरी त्याला नवे पाणी निर्माण करता येत नाही, आणि शरीरातील टाकाऊ द्रव्ये बाहेर पडण्यासाठी दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास लघवी व्हावीच लागते.

मिठाचा हिशेब वेगळा. रक्ताचे आकारमान घटले, की मूत्रपिंडांतून रेनिन हे विकर स्रवते, त्याच्यामुळे अँजिओटेन्सिन बनते आणि ते मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना अल्डोस्टेरॉन सोडायला लावते. हे संप्रेरक सोडियम राखते, मात्र त्याचा परिणाम दिसायला तासाभराहून अधिक वेळ लागतो. व्हॅसोप्रेसिन त्या मानाने फारच चपळ : तांब्याभर पाणी घशाखाली उतरले, की ते रक्तात पुरते मिसळण्याआधीच त्याचा स्राव ओसरू लागतो आणि तहानही भागल्यासारखी वाटते.

दिंडोरीकडे वाइनच्या द्राक्षांच्याही बागा आहेत. मद्यार्क व्हॅसोप्रेसिनचा स्राव रोखतो. म्हणून उन्हातून आलेल्या पर्यटकाच्या शरीरात पाणी आधीच कमी असले, तरी दोन ग्लासांनंतर त्याला वारंवार उठावे लागते. त्याच्यासाठी तेथे स्वच्छतागृह असते.