ऑपरेशननंतरची धाप

श्रोतेहो, नमस्कार. खुब्याच्या किंवा पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांत कधीकधी पेशंटला धाप लागते, बीपी उतरतं, ईसीजी बदलतो, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण) वाढतं. हार्ट अटॅकच वाटतो. पण अँजिओग्राफीत हे सगळं घडवेल असा अडथळा सापडत नाही आणि इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाच्या डाव्या कप्प्याचं टोक फुगून निपचित पडलेलं दिसतं. जपानी डॉक्टरांनी 1990 मध्ये याला ‘ताकोत्सुबो’ म्हटलं, तिकडच्या ऑक्टोपस पकडायच्या मडक्यावरून. दहातले नऊ पेशंट स्त्रिया, बहुतेक पाळी गेलेल्या.

चीर, वेदना, रक्तस्राव, भूल उतरताना भरणारी हुडहुडी, या सगळ्यांमुळे अ‍ॅड्रेनलिन उसळतं आणि हृदयाचा स्नायू काही काळ बधिर होतो. छातीत दुखेलच असं मात्र धरून चालू नका. मॉर्फिन किंवा पाठीतली भूल चालू असेल तर ती कळ झाकली जाते. म्हणून धाप, घाम, वाढलेली नाडी, उतरणारा ऑक्सिजन किंवा अचानक असंबद्ध बोलणं दिसलं की नर्सला लगेच सांगा. ‘अशक्तपणा असेल’ म्हणून सकाळच्या राउंडची वाट बघू नका.

ट्रोपोनिन एकदा करून भागत नाही, काही तासांनी पुन्हा करावं लागतं. ताकोत्सुबोत ते बेताचंच वाढतं, इको मात्र फार वाईट दिसतो. ही तफावतच डॉक्टरांना सावध करते. आणि इको लवकर हवाच, कारण बीपी पडलं की हृदयाचा जोर वाढवणारं औषध सुरू करायची सवय असते. काही पेशंटमध्ये कप्प्यातून रक्त बाहेर पडायची वाटच अरुंद झालेली असते, तिथे त्या औषधाने बीपी आणखी घसरतं. निपचित टोकात गुठळीही होऊ शकते. पण जखम ताजी असताना रक्त पातळ करायचं का, हे सर्जनला विचारूनच ठरतं. ईसीजीत क्यूटी (दर ठोक्यातल्या विद्युत हालचालीचा काळ) लांबलं असेल तर उलटीवरचं ऑनडान्सेट्रॉनही जपून द्यावं लागतं.

आधीपासून बीटा-ब्लॉकर (नाडी आणि बीपी उतरवणारं औषध) चालू असेल तर ऑपरेशनपूर्वी मनाने बंद करू नका. नसेल तर त्याच दिवशी मोठा डोस सुरू करणंही बरं नाही: 2008 च्या ‘पॉइझ’ नावाच्या अभ्यासात त्याने हार्ट अटॅक कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले.

हृदय बहुधा काही आठवड्यांत सावरतं, तेव्हा चार-सहा आठवड्यांनी इको पुन्हा करा. डिस्चार्ज कार्डावर निदान लिहून घ्या आणि पुढच्या कुठल्याही ऑपरेशनआधी ते भूलतज्ज्ञांना दाखवा.